एक्सेप्शन क्लासची उतरंड: कुठली चूक कोण झेलणार हे आधी ठरवा

सदाशिव पेठेतल्या एका फराळाच्या दुकानाची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. दुकान काल्पनिक आहे, कोड मात्र ओळखीचा वाटेल. दिवाळीच्या आधीचा आठवडा. कोथरूडच्या एका गिऱ्हाइकाने भाजणीची चकली, चिवडा आणि अनारसे मागवले, बिल झालं १,८४० रुपये, पैसे यूपीआयने भरले. पेमेंट गेटवेचं, म्हणजे पैसे वळते करणाऱ्या बाहेरच्या सेवेचं, उत्तर वेळेत आलं नाही, टाइमआउट झाला आणि सगळ्यात वरच्या थरातल्या एकुलत्या एका कॅचने (चूक झेलणाऱ्या कोडने) पडद्यावर छापलं: 'काहीतरी चुकलं, कृपया पुन्हा प्रयत्न करा.' गिऱ्हाइकाने सांगितल्याप्रमाणे पुन्हा प्रयत्न केला. खात्यातून ३,६८० रुपये गेले.

अशा कोडमध्ये एक्सेप्शन क्लास, म्हणजे कोडने फेकायच्या चुकांचे प्रकार, नसतात असं नाही. उलट पंधरा-वीस सापडतात: पेमेंट एक्सेप्शन, स्टॉक एक्सेप्शन, डिलिव्हरी एक्सेप्शन, युजर एक्सेप्शन. प्रत्येक मॉड्यूलला एक, फोल्डरच्या नावावरून पाडलेला. पण चूक कुठल्या फोल्डरमध्ये झाली हे स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या ओळींतून वर आली त्याची यादी) सांगतोच. कॅच लिहिणाऱ्याला वेगळंच हवं असतं: आता मी करू काय? पुन्हा विचारू, गिऱ्हाइकाला सांगू, थांबू, की कोणाला तरी झोपेतून उठवू? याचं उत्तर क्लासच्या नावात नसेल, तर वीस क्लास असूनही शेवटी सगळे एकाच कॅचमध्ये जाऊन पडतात.

म्हणून या लेखात सगळीकडे एकच कसोटी लावली आहे. दोन चुकांवर झेलणारा कोड वेगळा वागणार असेल तरच दोन क्लास. वागणं सारखंच असेल तर एक क्लास आणि आत एक फील्ड पुरतं.

उदाहरणांतली आपल्या क्लासची नावं मराठी ठेवली आहेत. तुमच्या टीमची जी पद्धत असेल ती वापरा.

पायरी १: एडिटर बंद, वही उघडी

ऑर्डरच्या वाटेवर काय काय मोडू शकतं ते लिहून काढा आणि प्रत्येक ओळीसमोर पुढचं पाऊल कोणाचं ते लिहा. दुकानाच्या वहीत साधारण असं येईल:

चकली मागितली तेवढी शिल्लक नाही: गिऱ्हाईक वजन कमी करेल.
बँकेने पैसे नाकारले: गिऱ्हाईक दुसरं खातं वापरेल.
गेटवेशी कनेक्शनच जुळलं नाही: कोड जरा थांबून पुन्हा करेल.
गेटवेकडे विनंती पोचली, उत्तर आलं नाही: कोणीही पुन्हा करायचं नाही, आधी चौकशी.
गेटवेची एपीआय की (गेटवेला आपली ओळख पटवणारी किल्ली) बाद झाली: ड्यूटीवरच्या माणसाला फोन.
बिलाची बेरीज वजा आली: प्रोग्रामरची चूक, कोड दुरुस्त करायचा.

चौथी ओळ बहुतेक टीम लिहीतच नाहीत. यश आणि अपयश हे दोनच कप्पे डोक्यात असतात. नेटवर्कपलीकडे पैसे हलवताना तिसरा कप्पा असतोच: काय झालं ते आपल्याला माहीत नाही. वरच्या गिऱ्हाइकाचे १,८४० रुपये त्याच कप्प्यात गेले.

यादीतून काही ओळी खोडूनही टाका. पिनकोड सहा अंकी नाही, किंवा ४११०५७ ला म्हणजे हिंजवडीला आपण आज माल पोचवत नाही, हे फॉर्म तपासताना कळतं. तिथे साधं उत्तर परत करा, एक्सेप्शनची गरज नाही. दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं ही तर पुण्यात अनपेक्षित घटना म्हणताच येणार नाही. ज्याचं वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं आहे ते एक्सेप्शन नव्हे, ती साधी अट आहे. चार वाजेपर्यंत दर दोन सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करणारा कोड मात्र अनेक ठिकाणी सापडतो, कारण कोणीतरी 'दुकान बंद' हे 'सर्व्हर बंद'च्या शेजारी नेऊन ठेवलेलं असतं.

पायरी २: उतरंड रचा, तीन थरांपेक्षा उंच नको

वहीतल्या उजव्या बाजूच्या उत्तरांचे गट पाडले की फांद्या आपोआप मिळतात:

फराळ_एरर
    गिऱ्हाईक_सुधारेल
        माल_अपुरा
        पेमेंट_नाकारलं
    तात्पुरती_अडचण
        गेटवे_लागत_नाही
        डेटाबेस_व्यस्त
    निकाल_अज्ञात
        पेमेंट_अधांतरी
    व्यवस्था_बिघडली
        गेटवे_की_बाद

तळाचा, म्हणजे सगळ्यांचा पूर्वज असलेला (इथे पहिल्या ओळीतला) फराळ_एरर कधीच थेट फेकायचा नाही. ज्या भाषेत जमेल तिथे तो ॲबस्ट्रॅक्ट करा, म्हणजे त्याची थेट वस्तू बनवताच येणार नाही. त्याचं काम एवढंच की तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला 'या पॅकेजमधून मुद्दाम फेकलेलं सगळं' एका ओळीत झेलता यावं. मधला थर म्हणजे फांद्या. बहुतेक कॅच इथेच लागतात. तिसरा थर तपशिलाचा, तो फार थोड्या ठिकाणी लागतो. चौथा थर घालावासा वाटला तर तिथे बहुधा फील्डने काम भागतं. 'चकली_अपुरी' आणि 'चिवडा_अपुरा' असे दोन क्लास करणारे लोक आहेत. त्यांना माल_अपुरा आणि आत जिन्नसाचं नाव असं सांगा.

वजा बेरीज या झाडात नाही हे लक्षात आलं असेल. प्रोग्रामरच्या चुकांना भाषेचे स्वतःचे क्लास आहेत: जावात इललीगलस्टेटएक्सेप्शन, पायथनमध्ये व्हॅल्यूएरर किंवा असर्शनएरर, सी प्लस प्लसमध्ये लॉजिकएररची शाखा. त्या आपल्या झाडाखाली आणल्या की फराळ_एरर झेलणारा कोड बगही गिळून बसतो आणि बग कोणाला दिसतच नाही.

पायरी ३: तळाचा क्लास कोणाचा वारस करायचा

इथे प्रत्येक भाषेचा खोडसाळपणा वेगळा आहे.

जावात सगळ्यांच्या मुळाशी थ्रोएबल, त्याला दोन मुलं: एरर आणि एक्सेप्शन. एक्सेप्शनखाली रनटाइमएक्सेप्शन. रनटाइमएक्सेप्शन आणि एरर यांची शाखा अनचेक्ड, बाकी सगळं चेक्ड, म्हणजे तिथेच झेलावं किंवा मेथडच्या सहीवर जाहीर करावंच लागतं. व्यावसायिक ॲप्लिकेशनसाठी तळाचा क्लास रनटाइमएक्सेप्शनखाली ठेवा. चेक्ड ठेवला तर नवीन फांदी आली की दहा मेथडच्या सह्या बदलतात आणि कंटाळलेला माणूस सरळ 'थ्रोज एक्सेप्शन' लिहून मोकळा होतो. मग झाड लावून उपयोग काय?

चेक्ड ठेवण्याचा आणखी एक छुपा खर्च स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये दिसतो. ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन लावलेल्या मेथडमधून रनटाइमएक्सेप्शन किंवा एरर बाहेर पडला तर ट्रान्झॅक्शन मागे फिरतं, म्हणजे रोलबॅक होतं. चेक्ड एक्सेप्शन बाहेर पडलं तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे ते कमिट होतं. म्हणजे पेमेंट_नाकारलं हा चेक्ड असेल, तर पैसे आलेले नसताना चकलीचा साठा एक किलोने कमी झालेला डेटाबेसमध्ये पक्का होतो. कोड वाचून हे दिसत नाही, टेस्टमध्ये खोटा डेटाबेस असेल तर तिथेही दिसत नाही. साठ्याचा आणि गल्ल्याचा मेळ जुळेना की मग शोधाशोध. चेक्ड ठेवायचंच असेल तर त्या ॲनोटेशनवर रोलबॅकफॉर लिहून आपला तळाचा क्लास द्या.

पायथनमध्ये वारसा एक्सेप्शनकडून घ्या, बेसएक्सेप्शनकडून कधीच नाही. २.५ आवृत्तीपासून कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टमएक्झिट हे थेट बेसएक्सेप्शनखाली आहेत, ते अशासाठी की एक्सेप्शन झेलणाऱ्या कोडने कंट्रोल-सी अडवू नये. उलट बाजूने, नुसतं 'एक्सेप्ट' लिहून पुढे क्लासच दिला नाही तर हे दोघेही अडकतात आणि प्रोग्राम बंद होता होत नाही.

सी शार्पमध्ये थेट एक्सेप्शनचे वारस व्हा. ॲप्लिकेशनएक्सेप्शन नावाचा क्लास त्यासाठीच केला होता, पण त्याने मधला एक रिकामा थर वाढण्यापलीकडे काही साधलं नाही आणि मायक्रोसॉफ्टनेच पुढे तो वापरू नका असं सांगितलं. पीएचपीत ७ पासून एरर आणि एक्सेप्शन ही थ्रोएबलची दोन वेगळी घराणी आहेत. फक्त एक्सेप्शन झेलणाऱ्या जुन्या कोडमधून टाइपएरर थेट बाहेर निसटतो. जावास्क्रिप्टमध्ये एररचा वारस करा, मात्र टाइपस्क्रिप्ट ईएस५ साठी कंपाइल होत असेल तर इन्स्टन्सऑफ खोटं उत्तर देतं, कारण एररच्या कन्स्ट्रक्टरमध्ये प्रोटोटाइपची साखळी तुटते. कन्स्ट्रक्टरमध्ये प्रोटोटाइप हाताने बसवा, किंवा टार्गेट वाढवा. दुसरा उपाय बरा.

पायरी ४: संदेश माणसासाठी, फील्ड कोडसाठी

'चकली: मागणी २ किलो, शिल्लक ०.५ किलो' हे वाक्य लॉगमध्ये उत्तम. पण पडद्यावर 'अर्धा किलो चालेल का?' असं बटण दाखवायचं असेल तर वाक्यातून आकडे खरवडून काढायची वेळ येऊ नये. माल_अपुरा मध्ये जिन्नस, मागणी आणि शिल्लक ही तीन फील्ड ठेवा, वाक्य त्यावरून कन्स्ट्रक्टरमध्येच बनवा. जुन्या कोडमध्ये 'संदेशात अमुक शब्द आहे का' असं तपासणारी प्रत्येक जागा म्हणजे तिथे एक क्लास किंवा एक फील्ड कमी पडलं होतं. मूळ लायब्ररीने पुढच्या आवृत्तीत एक स्वल्पविराम हलवला की अशी जागा गुपचूप मोडते.

पेमेंटच्या क्लासमध्ये ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि मिळाला असेल तर यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक ठेवा. मोबाइल नंबर, कार्ड नंबर, पूर्ण यूपीआय आयडी ठेवू नका. एक्सेप्शन लॉगमध्ये जातं, लॉग तिसऱ्याच सर्व्हरवर जातो, तिथे तो कोण वाचतं हे तुमच्या हातात नाही.

पायथनवाल्यांसाठी एक बारकी गोष्ट, कारण ती सापडायला फार वेळ खाते. कन्स्ट्रक्टर जिन्नस, मागणी, शिल्लक अशी तीन आर्ग्युमेंट घेतो आणि सुपरला फक्त तयार वाक्य देतो, असं समजा. हे एक्सेप्शन वर्कर प्रोसेसमधून मुख्य प्रोसेसमध्ये येताना पिकल होतं, म्हणजे पाठवण्यासाठी बाइट्समध्ये बांधलं जातं. उघडताना पायथन तोच कन्स्ट्रक्टर पुन्हा बोलावतो, पण सुपरला दिलेलं एकच वाक्य देऊन. दोन आर्ग्युमेंट कमी, टाइपएरर, आणि चकली संपल्याची मूळ बातमी वाटेतच हरवते. उपाय: सुपरला तिन्ही आर्ग्युमेंट जशीच्या तशी द्या आणि वाक्य बनवण्याचं काम स्ट्रिंगच्या मेथडकडे द्या.

पायरी ५: वेशीवर भाषांतर करा, मूळ कारण जोडून

गेटवेच्या एसडीकेचे (त्यांनी दिलेल्या लायब्ररीचे) किंवा डेटाबेस ड्रायव्हरचे क्लास तुमच्या ऑर्डरच्या कोडपर्यंत पोचू देऊ नका. पोचले तर उद्या गेटवे बदलताना चाळीस कॅच बदलावे लागतील. प्रत्येक बाहेरच्या सेवेसमोर एक पातळ क्लास उभा करा. त्यांचं एक्सेप्शन तिथेच झेलायचं, आपल्या झाडातलं फेकायचं.

सगळ्या झाडाचा कस लागतो तो इथेच, कारण खालची तीच चूक वर दोन वेगवेगळ्या फांद्यांवर जाऊ शकते. साठा विचारताना टाइमआउट झाला तर ती तात्पुरती_अडचण: प्रश्न पुन्हा विचारल्याने चकली कमी होत नाही. पैसे घेताना उत्तराची वाट बघत टाइमआउट झाला तर ते पेमेंट_अधांतरी: पैसे गेले असतील, नसतीलही. आणि पैसे घेताना कनेक्शन जुळवण्याच्याच वेळी टाइमआउट झाला तर पुन्हा तात्पुरती अडचण, कारण विनंती आपल्या घरातून बाहेरच पडली नाही. नाव तिन्हीकडे टाइमआउटच. म्हणून 'टाइमआउट_एरर' नावाचा एकच क्लास करून मोकळं होणं ही दुप्पट पैसे कापण्याची सोपी वाट आहे.

वेशीवरचा कोड साधारण असा दिसेल (किल्ली म्हणजे काय ते पायरी ६ मध्ये):

ट्राय:
    गेटवे.पैसे_घे(ऑर्डर, किल्ली)
कॅच कनेक्ट_टाइमआउट ई:
    थ्रो गेटवे_लागत_नाही(ऑर्डर.क्रमांक, कारण: ई)
कॅच टाइमआउट ई:
    थ्रो पेमेंट_अधांतरी(ऑर्डर.क्रमांक, ऑर्डर.रक्कम, कारण: ई)
कॅच गेटवे_नकार ई:
    थ्रो पेमेंट_नाकारलं(ऑर्डर.क्रमांक, ई.कोड, कारण: ई)

पहिल्या दोन कॅचचा क्रम जीवनमरणाचा आहे. जावा ११ मधल्या एचटीटीपी क्लायंटमध्ये एचटीटीपीकनेक्टटाइमआउटएक्सेप्शन हा एचटीटीपीटाइमआउटएक्सेप्शनचा सबक्लास आहे. मोठा आधी लिहिला तर जावाचा कंपायलर थांबवतो, 'हे आधीच झेललंय' म्हणून. सी शार्पही थांबवतो. सी प्लस प्लसचे कंपायलर बहुधा इशारा देऊन पुढे जातात. पायथन चकार शब्द काढत नाही: वरून खाली पहिला जुळलेला एक्सेप्ट चालतो आणि खालचा कायमचा मुका होतो.

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत आणखी गंमत आहे. तिचा कनेक्टटाइमआउट हा तिच्याच कनेक्शनएरर आणि टाइमआउट या दोघांचा वारस आहे, त्यामुळे यांपैकी जो आधी लिहाल तो त्याला पकडतो. कनेक्टटाइमआउट सगळ्यात वर लिहा. शिवाय या लायब्ररीचा कनेक्शनएरर आणि पायथनचा स्वतःचा कनेक्शनएरर यांचं नाव एक, पण एक दुसऱ्याचा वारस नाही. इम्पोर्ट न करता नुसतं 'एक्सेप्ट कनेक्शनएरर' लिहिलं तर पायथनचा पकडला जाईल, रिक्वेस्ट्सचा हातावर तुरी देऊन निघून जाईल. आणि रिक्वेस्ट्सचा कनेक्शनएरर मिळाला म्हणून विनंती गेलीच नव्हती असंही समजू नका. विनंती पाठवल्यावर पलीकडून कनेक्शन तुटलं तरी तो येऊ शकतो. पैशांच्या बाबतीत त्याला अधांतरीच धरा.

मूळ कारण जोडणं ही ऐच्छिक सजावट समजू नका. जावात ते कन्स्ट्रक्टरला कॉज म्हणून द्या. ही सोय १.४ पासून आहे. पायथन ३ मध्ये 'रेझ ... फ्रॉम ई' लिहा. फ्रॉम विसरलात तरी मागचं एक्सेप्शन ट्रेसमध्ये दिसतं, पण 'एक चूक हाताळताना दुसरी झाली' अशा मथळ्याखाली, म्हणजे वाचणाऱ्याला तुमच्या कॅचमध्येच बग आहे असं वाटतं. सी शार्पमध्ये इनरएक्सेप्शन. तिथेच दुसरा सापळा: झेललेलं तेच पुढे फेकायचं असेल तर नुसतं 'थ्रो' लिहा. 'थ्रो ई' लिहिलंत की स्टॅक ट्रेस त्या ओळीपासून नव्याने सुरू होतो आणि तपास भलत्याच फाइलमध्ये चालतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सी प्लस प्लसमध्येही नुसतं थ्रो, आणि झेलताना नेहमी रेफरन्सने. बेस क्लास व्हॅल्यूने झेलला तर वस्तू छाटली जाते: जिन्नस, मागणी, शिल्लक गळून पडतात, उरतो नुसता तळाचा सांगाडा.

पायरी ६: पुन्हा प्रयत्न एकाच जागी

तात्पुरती_अडचण ही फांदी वेगळी काढल्याचा फायदा इथे वसूल होतो. पुन्हा प्रयत्न करणारा कोड फक्त त्या एका फांदीला ओळखतो. एकूण तीन-चार प्रयत्न, मध्ये थांबा २००, ४००, ८०० मिलिसेकंद असा दुपटीने वाढणारा, आणि प्रत्येक थांब्यात थोडी यादृच्छिक भर. ही भर नसेल तर गेटवे उठून उभा राहताच अडकलेल्या सगळ्या ऑर्डर एकाच क्षणी त्याच्यावर पडतात आणि तो पुन्हा बसतो. लक्ष्मी रोडला दिवाळीच्या रविवारी सिग्नल सुटल्यावर काय होतं ते आठवा.

हा कोड एकाच थरात ठेवा. एचटीटीपी क्लायंट तीनदा, सर्व्हिस तीनदा आणि वरची रांग तीनदा प्रयत्न करत असेल तर पलीकडे सत्तावीस विनंत्या जातात, आणि प्रत्येक थराच्या मालकाला वाटतं आपण तीनच केल्या.

पुन्हा प्रयत्नाची किल्ली, म्हणजे आयडेम्पोटन्सी की, लूपच्या बाहेर बनवा. तीच विनंती पुन्हा आली आहे हे गेटवे या किल्लीवरून ओळखतो. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की एकदा; मग प्रयत्न कितीही होवोत, किल्ली तीच. लूपच्या आत नवीन यूयूआयडी (दर वेळी वेगळा असणारा क्रमांक) बनवणारा कोड वर वर पाहता अगदी व्यवस्थित दिसतो, पण गेटवेच्या लेखी प्रत्येक प्रयत्न नवीन ऑर्डर ठरतो.

निकाल_अज्ञातसाठी वेगळी वाट. ऑर्डर 'तपासणीत' अशा स्थितीत डेटाबेसमध्ये लिहा, साठा धरून ठेवा, आणि मागे चालणाऱ्या कामाने गेटवेच्या स्टेटस एपीआयला ऑर्डर क्रमांक देऊन विचारावं: काही सेकंदांनी, मग मिनिटाने, मग पाच मिनिटांनी. पडद्यावर 'पैसे कापले गेले असतील तर काळजी नको, दहा मिनिटांत कळवतो. पुन्हा पैसे भरू नका' असं स्पष्ट मराठीत लिहा आणि पुन्हा भरण्याचं बटण काढून घ्या. नुसतं करडं करून ठेवलेलं बटणही लोक दाबून बघतात.

डेटाबेसच्या बाजूला जावात ही वाटणी आयती मिळते. जेडीबीसी (जावाची डेटाबेसशी बोलायची एपीआय) ४.० पासून एसक्यूएलएक्सेप्शनखाली ट्रान्झियंट, नॉन-ट्रान्झियंट आणि रिकव्हरेबल अशा तीन फांद्या आहेत. नेमकी हीच कसोटी: पुन्हा करून उपयोग आहे का. ड्रायव्हर मात्र त्या प्रामाणिकपणे वापरतोच असं गृहीत धरू नका. कित्येकदा शेवटी एसक्यूएलस्टेटचा, म्हणजे डेटाबेसने दिलेल्या चुकीचा, कोडच बघावा लागतो.

पायरी ७: सगळ्यात वरचा कॅच

विनंती जिथून आत येते तिथे एकच जागा, स्प्रिंगमध्ये कंट्रोलर ॲडव्हाइस, बाकीकडे मिडलवेअर. फांदीवरून उत्तराचा एचटीटीपी कोड ठरतो:

गिऱ्हाईक_सुधारेल: ४२२ किंवा साठ्यासाठी ४०९, सोबत फील्डमधले आकडे. लॉग माहितीच्या पातळीवर.
तात्पुरती_अडचण: ५०३ आणि रीट्राय-आफ्टर हेडर. लॉग इशाऱ्याच्या पातळीवर.
निकाल_अज्ञात: २०२, तपासणी चालू आहे असा मजकूर.
व्यवस्था_बिघडली: ५००, आणि फोन वाजला पाहिजे.
झाडाबाहेरचं काहीही: ५००, पूर्ण ट्रेस. हा बग आहे.

लॉग इथेच, एकदाच. वाटेतल्या प्रत्येक थराने 'लॉग करा आणि पुढे फेका' केलं तर एका चकलीसाठी पाच ट्रेस उमटतात आणि पाच ऑर्डर मोडल्या असं वाटतं. अपवाद फक्त थ्रेड किंवा रांगेच्या वेशीचा: एक्सेप्शन पलीकडे जाणारच नसेल तर तिथेच लिहा.

वाटेत एक्सेप्शन नाहीसं करणाऱ्या दोन जागा शोधून काढा. एक, फायनलीमधला रिटर्न: तो वर चढणारं एक्सेप्शन निमूटपणे गिळतो. दोन, फायनलीमध्ये फाइल किंवा कनेक्शन बंद करताना उडालेली दुसरी चूक, जी पहिलीला झाकून टाकते. जावा ७ पासूनच्या ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये पहिली चूक मुख्य राहते आणि बंद करतानाची तिच्या सप्रेस्ड यादीत जाते, म्हणून हाताने लिहिलेली फायनली तिथे बदला. जावात इंटरप्टेडएक्सेप्शन झेलून आपलं फेकणार असाल तर आधी थ्रेडचा इंटरप्ट झेंडा पुन्हा लावा, नाहीतर थ्रेडपूल बंद करताना तो थ्रेड हटूनच बसतो.

चालू कोडमध्ये झाड बदलताना

रिकाम्या जमिनीवर हे सगळं सोपं. दहा वर्षं जुन्या कोडमध्ये एकदम सगळं उपटू नका. आधी तळाचा क्लास घाला, तो असलेल्या क्लासच्या आत्ताच्या पालकाचाच वारस ठेवा, आणि ते सगळे क्लास त्याखाली आणा. कुठलाच कॅच मोडत नाही. मग फांद्या मध्ये सरकवा. मग वेशीवरची भाषांतरं, आणि त्यातही पेमेंट आधी, कारण तिथे चुकीची किंमत रुपयांत मोजली जाते. वरचे सरसकट कॅच सर्वांत शेवटी आवळा.

असलेल्या पालकाखाली नवीन सबक्लास घालणं सुरक्षित. क्लासचा जुना पालक साखळीतून काढून टाकणं मात्र वापरणाऱ्यांसाठी मोडतोड आहे, कारण कंपाइल होऊनही कोड वेगळा वागू लागतो. पायथनने हे दोन्ही प्रकारे करून दाखवलं आहे. ३.३ मध्ये २०१२ साली आयओएरर आणि त्याची भावंडं ओएसएररमध्ये विलीन केली, तेव्हा जुनी नावं टोपणनावं म्हणून ठेवली. जुने कॅच चालत राहिले. ३.८ मध्ये असिंकआयओ या लायब्ररीचा, काम रद्द झाल्याचं सांगणारा कॅन्सल्डएरर हा एक्सेप्शनमधून काढून बेसएक्सेप्शनखाली नेला. कारण योग्य होतं, सरसकट एक्सेप्शन झेलणारा कोड काम रद्द करणंच अडवत होता. पण त्या सरसकट कॅचमध्ये कनेक्शन बंद करण्यासारखी साफसफाई लिहिलेल्यांचा कोड, एक अक्षर न बदलता, रद्द होताना ती साफसफाई टाळून पुढे जाऊ लागला.

टेस्ट दोन प्रकारच्या लिहा. पहिली झाडाची: प्रत्येक क्लास कुठल्या फांदीखाली आहे हे तपासणारी, क्लासमागे एक ओळ. हास्यास्पद वाटते, पण कोणीतरी पेमेंट_अधांतरी 'तसं तात्पुरतंच आहे की' म्हणून हलवतो तेव्हा तीच लाल होते. दुसरी वेशीची: खोटा गेटवे उभा करा, जो विनंती घेतो, पैसे जमा करतो आणि मग तीस सेकंद गप्प बसतो. क्लायंटचा टाइमआउट दोन सेकंद ठेवा. टेस्टच्या शेवटी तीन गोष्टी तपासा: फेकलेला क्लास पेमेंट_अधांतरी आहे, त्याच्या कारणात मूळ टाइमआउट आहे, आणि गेटवेच्या वहीत १,८४० रुपयांची नोंद एकच आहे.